टायमिंग बेल्ट: खुणा जुळवून बसवायचा की लॉकिंग टूल लावून, आणि टेन्शन अंगठ्याने बघायचं की पॉइंटरने?

टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टनने फिरणारा खालचा शाफ्ट (क्रँक) आणि वॉल्व्ह उघडणारा वरचा शाफ्ट (कॅम) एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा. तो बदलायचा म्हणून चौकशी केली की दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एक गॅरेजवाला म्हणतो, साहेब पुल्यांवर खुणा आहेत ना, व्हाईटनरने रेघ मारतो, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो याला लॉकिंग किट (शाफ्ट जागेवर अडवून धरायच्या पिना-पट्ट्यांचा संच) लागतं, गाडी उद्या मिळेल, आणि मजुरीचा आकडा असा सांगतो की आपणच फोन ठेवतो. मग आपण गोंधळतो, की पहिला उरकून टाकतोय का दुसरा लुबाडतोय. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर असू शकतात, फक्त वेगवेगळ्या गाड्यांसाठी. हे मेकॅनिकच्या अनुभवावर कमी आणि तुमच्या इंजिनातली कॅमची पुली शाफ्टवर कशी बसवलीय यावर जास्त ठरतं, आणि ही एक गोष्ट कळली की निम्मा वाद तिथेच मिटतो.

आधी एक बघून घ्या, तुमच्या गाडीला बेल्ट आहे का चेन. मारुतीची के सिरीज पेट्रोल इंजिनं आणि स्विफ्ट-डिझायरचं १.३ डिझेल यात चेन आहे, त्यांनी हे वाचून डोक्याला ताप करून घेऊ नये. बेल्टवाल्यांमध्ये जुनी मारुती ८००, ऑम्नी, पहिली ७९६ सीसी अल्टो, सँट्रो झिंग, डिझेल इंडिका, रेनॉचं १.५ डिझेल (डस्टर, टेरानो, लॉजी, लोगन-व्हेरिटो सगळ्यात तेच कुटुंब), फोक्सवॅगन-स्कोडाची टीडीआय, फोर्डची टीडीसीआय वगैरे येतात.

जुळवायचं नक्की काय असतं

क्रँक दोन फेरे फिरला की कॅम एकच फिरतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात असतात. बेल्टचं काम एवढंच की पिस्टन वर आला तेव्हा ठरलेला वॉल्व्ह ठरलेल्या अंशालाच उघडा किंवा बंद पाहिजे. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत, तर एक दात इकडेतिकडे म्हणजे क्रँकचे तब्बल १८ अंश. पेट्रोल गाडी एक दात चुकूनही बऱ्याचदा चालू होते, आयडलिंग थरथरतं, खालच्या आरपीएमला दम राहत नाही, ॲव्हरेज पडतं, नव्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागून पी००१६ सारखा कोड येतो ज्याचा अर्थ क्रँक आणि कॅमचं जमत नाहीये. डिझेलमध्ये एवढी सवलत नाही, तिथे पिस्टन वर आल्यावर हेडमध्ये (वॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) जागाच उरत नाही, त्यामुळे थोडं चुकलं तर स्टार्टिंगचा त्रास आणि धूर, जास्त चुकलं तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि मग हेड उतरवावं लागतं.

खुणा जुळवणं कुठे पुरतं

मारुती ८०० किंवा ऑम्नीचं इंजिन घ्या. दोन्ही पुल्या चावीने (शाफ्टच्या खाचेत बसणारा छोटा लोखंडी तुकडा) किंवा पिनने शाफ्टवर पक्क्या, म्हणजे पुली आणि शाफ्ट यांच्यात फरक पडूच शकत नाही. कॅम पुलीवरची खूण मागच्या व्ही खाचेसमोर आणली, क्रँकच्या आतल्या दातेरी पुलीवरचा पंच ऑइल पंपाच्या केसवरच्या बाणासमोर आणला, की टायमिंग लागलं. इथे कोणी लॉकिंग किटचे वेगळे पैसे मागत असेल तर सरळ दुसरं गॅरेज बघा.

पण पुरतं म्हणजे डोळे झाकून जमतं असं नाही. खालची खूण चाकाच्या बाजूने वाकून तिरकी बघितली जाते, आणि तिरक्या नजरेला अर्ध्या दाताचा फरक दिसत नाही, म्हणून मोबाईल नेमका समोर धरून फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. बाहेरच्या मोठ्या पुलीवर पण एक खूण असते, ती इग्निशन टायमिंगची, ती धरून बेल्ट चढवणारे महाभागही आहेत. आणि कार्ब्युरेटरवाल्या ८०० मध्ये एक गंमत आहे, तिथे डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना स्पार्क वाटणारा भाग) कॅमच्याच टोकावरून फिरतो, त्यामुळे बेल्ट एक दात चुकला की इग्निशनही सोबत हलतं, मग गाडी ओढत नाही म्हणून कोणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क जागेवर आणतं आणि गाडी बऱ्यापैकी चालायला लागते, पण वॉल्व्ह चुकीच्या वेळेलाच उघडत राहतात. अशी गाडी वर्षानुवर्षं फिरते आणि मालक म्हणतो आमच्या गाडीला पहिल्यापासून चढाला दमच नाही. तुमच्या ८०० चा डिस्ट्रिब्युटर फिरवून फिरवून पार खाचेच्या टोकाला गेलेला दिसला तर आधी बेल्ट बघायला सांगा.

हेड घासून आणलेलं असेल तर खूण किंचित सरकलेली दिसते, कारण कॅम क्रँकच्या जवळ आलेला असतो. लोक याला फार घाबरतात. ०.३ मिलिमीटर घासलं आणि बेल्टच्या दातांमधलं अंतर ८ मिलिमीटर धरलं तर वरच्या हिशोबाने फरक एका अंशाच्या आतच येतो, अशा वेळी दात बदलायला जाऊ नका, बदललात तर १८ अंशाने चुकाल.

लॉकिंग टूल कुठे लागतंच

आता दुसरं टोक, भारतात सुरुवातीला आलेली ऑक्टाव्हिया १.९ टीडीआय, ९० हॉर्सपॉवरवाली. हिच्या कॅमची पुली निमुळत्या टोकावर नुसती दाबून बसवलेली, मध्ये चावी नाही. बोल्ट सैल करून मागून ठोका दिला की पुली शाफ्टवर मोकळी फिरते. म्हणजे पुलीवर कुठेही खूण केली तरी ती कॅम कुठे आहे ते सांगत नाही. कॅम कुठे आहे ते कळतं त्याच्या मागच्या टोकाच्या आडव्या खाचेवरून, त्या खाचेत जाड सपाट पट्टी घालायची, पट्टी हेडच्या पृष्ठभागावर दोन्ही बाजूंना सारखी टेकते का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्या) बघायचं, डिझेलच्या इंजेक्शन पंपाला पिन, क्रँकसाठी फ्लायव्हीलवरची (क्रँकच्या टोकाचं जड चाक) खूण गिअरबॉक्सच्या भोकातून. आणि मग बेल्ट चढवून टेन्शन देईपर्यंत कॅम पुलीचा बोल्ट सैलच ठेवायचा.

हा शेवटचा भाग नीट समजून घ्या कारण सगळी मेख तिथे आहे. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ताणला की बेल्ट पुलीला किंचित फिरवतो. पुली कॅमला जखडलेली असेल तर कॅमही फिरतो किंवा एका बाजूचा बेल्ट ताठ आणि दुसऱ्या बाजूचा ढिला राहतो. पुली मोकळी असेल तर ती आपली आपण जागा घेते, सगळ्या बाजूंचा ढिलेपणा निघून जातो, कॅम पट्टीमुळे जागचा हलत नाही, आणि मग बोल्ट ४५ न्यूटन-मीटरला आवळला की टायमिंग आणि टेन्शन दोन्ही एकाच वेळी बरोबर बसतात. नंतरच्या पंप-ड्यूज टीडीआयमध्ये (आपल्याकडची लॉरा १.९) निमुळत्याऐवजी पुलीला तीन लांबट भोकं आहेत, तत्त्व तेच.

रेनॉचं १.५ डिझेल यांच्या मधलं. ब्लॉकमध्ये एक पिन स्क्रू करायची, क्रँक हळू फिरवत त्या पिनेला टेकवायचा, कॅमच्या पुलीतल्या भोकातून ८ मिलिमीटरची पिन हेडमध्ये, आणि हाय प्रेशर पंपाच्या पुलीवरची खूण जागेवर. टूल स्वस्त आहेत, काही हजारांत संच मिळतो, त्यामुळे 'या गाडीचं टूल मिळत नाही' ही सबब ऐकू नका. फक्त ब्लॉकमधली पिन क्रँकला एकाच बाजूने अडवते, उलट्या बाजूला तो मोकळा असतो, म्हणून पिन घातली म्हणजे क्रँक जागेवर आलाच असं नाही, तो टेकला पाहिजे. आणि या पिना जागा दाखवायला असतात, जोर सोसायला नाही. क्रँक पुलीचा बोल्ट खोलताना पिनेच्या भरवशावर पान्याला नळी लावून झोंबणाऱ्याने पिन वाकवली तर नशीब, ब्लॉकला तडा गेला तर इंजिन गेलं. बोल्टासाठी फ्लायव्हील वेगळं अडवायचं.

रेनॉच्या माहितीत अजून एक गोष्ट ठळक सांगितलेली असते, क्रँकचं टोक, दातेरी पुली आणि बाहेरची पुली यांच्या टेकणाऱ्या जागा तेल-ग्रीस पुसून एकदम कोरड्या करायच्या, नाहीतर तिथेच घसरून टायमिंग हलू शकतं. चिंधी आणि थोडं ब्रेक क्लीनर एवढंच काम, पण घाईत हेच राहतं.

मग व्हाईटनरचं काय

व्हाईटनर म्हणजे जुना बेल्ट काढण्याआधी बेल्ट आणि पुल्या दोन्हींवर रेघ मारायची, नव्या बेल्टवर दात मोजून त्याच जागी रेघ मारायची आणि तसाच चढवायचा. मी याच्या विरोधात नाही, खुणांच्या इंजिनात ही चांगली दुहेरी खात्री आहे, बेल्ट काढल्यावर वॉल्व्हच्या स्प्रिंगने कॅम झटकन फिरला तरी कुठे परत आणायचा ते कळतं. पण एकट्या व्हाईटनरवर बसवलेला बेल्ट जुन्या माणसाची चूक जशीच्या तशी उतरवून घेतो. आधीच्याने एक दात चुकवला असेल तर तुमचाही चुकलेलाच, फक्त नव्या बेल्टवर. सेकंड हँड गाडीत तर हे हमखास लक्षात ठेवा. आणि मोकळ्या पुलीच्या टीडीआयमध्ये व्हाईटनरने गाडी चालू होते, पण दोन-तीन अंश कुठेतरी गेलेले असतात, मग इंजेक्शन टायमिंग लॅपटॉप लावून बघितलं की कळतं आकडा का जमत नाही. चालू झाली म्हणजे बरोबर बसली असं डिझेलच्या बाबतीत समजू नका.

टेन्शन: अंगठा, स्प्रिंग, पॉइंटर, मोबाईल

टायमिंगवर सगळे भांडतात, टेन्शनवर कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते नंतरची जास्त इंजिनं टेन्शनमुळे जातात. ढिला बेल्ट पहिल्या दिवशी काही करत नाही, थंडीत सेल मारताना किंवा इंजिन बंद होताना क्रँक किंचित उलटा झटकतो तेव्हा दात सोडतो. जास्त ताणलेला बेल्ट गुणगुणल्यासारखा आवाज करतो, आरपीएमबरोबर सूर चढतो, आणि बेल्टआधी टेन्शनर, आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली) नाहीतर वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. रेनॉ १.५ आणि त्या टीडीआयमध्ये वॉटर पंप याच बेल्टवर आहे, पंप अडकला की बेल्ट गेला आणि बेल्ट गेला की हेड, म्हणून तिथे फक्त बेल्ट बदलून टेन्शनर-पंप जुना ठेवणं ही बचत नाही. ८०० मध्ये पंप वेगळ्या पट्ट्यावर आहे, तिथे पंप ठीक असेल तर राहू द्या.

अंगठ्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब पट्ट्यात बेल्ट अंगठा आणि तर्जनीत धरून पिळायचा, ९० अंशापर्यंत गेला पाहिजे, पुढे जोर लागला पाहिजे. ही जुन्या इंजिनांची ढोबळ तपासणी आहे, सेटिंग नाही. माणसागणिक बोटांचा जोर वेगळा, आणि आताचे बेल्ट आधीपेक्षा जास्त ताठ.

८०० सारख्या स्प्रिंगवाल्या टेन्शनरला तर अंगठा लागतच नाही, ताण स्प्रिंगच देते, तुमचं काम तिला मोकळं सोडायचं. मेकॅनिक मंडळी मात्र स्क्रू ड्रायव्हरने टेन्शनर दाबून वर थोडा जास्त ताण देतात, 'म्हणजे लवकर ढिला होणार नाही'. नका देऊ. उलट कंपनीची पद्धत अशी की रॉकरचे टॅपेट स्क्रू (वॉल्व्हची फट लावायचे) आधी सैल करायचे, कारण वॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला अडवून धरत असतील तर टेन्शनरची बिचारी छोटी स्प्रिंग बेल्ट नीट ताणू शकत नाही. मग क्रँक घड्याळाच्या दिशेने दोन फेरे फिरवायचा, ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला गोळा होतो, आणि मग टेन्शनर आवळायचा. टॅपेट सैल करायचं काम कोणीच करत नाही कारण नंतर परत क्लिअरन्स लावत बसावं लागतं, पण तेवढ्या मजुरीत टॅपेटही सेट होऊन येतात, सांगून करून घ्या.

पॉइंटरवाला टेन्शनर (रेनॉ, टीडीआय) मला सगळ्यात आवडतो कारण तो खोटं बोलत नाही, फक्त त्याला दोनदा विचारावं लागतं. रेनॉत ६ मिलिमीटरची ॲलन की घालून टेन्शनरचा मधला भाग फिरवायचा, छोटा दर्शक काटा सरकत खिडकीशी येतो. पहिल्यांदा नट आवळला, क्रँक हाताने दोन फेरे फिरवला, की काटा हललेला दिसतो, बेल्ट सगळ्या दातांत नीट बसल्यामुळे. मग नट जेमतेम सैल करायचा, ॲलन की हातातून सोडायची नाही, काटा हळूहळू खिडकीच्या मधोमध आणायचा आणि परत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळायचा. आवळताना काटा नटाबरोबर थोडा ओढला जातो, म्हणून शेवटच्या वळणाला नजर काट्यावर पाहिजे, रेंचवर नाही. टीडीआयला ॲलनऐवजी दोन पिनांचा पाना लागतो, तिथे पक्कडीने ओरबाडलेला टेन्शनर दिसला तर समजायचं आधी कोणी काम केलंय. कुठल्या दिशेने फिरवायचं ते इंजिनागणिक वेगळं आहे, आणि उलट्या बाजूने फिरवूनही काटा जागेवर आलेला दिसू शकतो, तेव्हा हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करा.

हे सगळं इंजिन गार असताना. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की फुगतं आणि बेल्ट आपोआप ताणला जातो, गरम इंजिनावर बरोबर दिसलेला ताण सकाळी गार झाल्यावर ढिला निघतो. संध्याकाळी गाडी दिली आणि रात्री आठला मिळाली, असं झालं असेल तर विचारा, गार कधी केली.

मोबाईलवर बेल्ट टिचकी मारून हर्ट्झ मोजायची ॲपं आहेत. कल्पना चांगली, कारखान्यातही कंपन मोजून ताण तपासतात, पण आकडा त्या इंजिनाचा, त्याच दोन पुल्यांमधल्या तुकड्याचा आणि त्याच रुंदीच्या बेल्टचा असेल तरच उपयोग. दुसऱ्या कुठल्या गाडीचा आकडा व्हॉट्सॲपवर आला म्हणून तेवढा ताणू नका. पॉइंटर असेल तर ॲप लागत नाही.

कोणाकडे द्यायची

पुल्या चावीच्या असतील, पेट्रोल असेल, तर ओळखीचा नीट मिस्त्री पुरेसा आहे आणि मी तरी तिथेच देईन. त्याला दोनच गोष्टी आवर्जून सांगायच्या, क्रँक पान्याने दोन फेरे फिरवून परत खुणांचा फोटो दाखव, आणि सेल मारून तपासू नकोस. हाताने फिरवताना मध्येच टणक अडकलं तर थांबायचं, तिथे वॉल्व्ह पिस्टनला भेटलेला असतो, जोर लावला की वाकला. स्पार्क प्लग काढून फिरवलं तर कॉम्प्रेशनचा अडसर जातो आणि असं अडकणं हाताला लगेच कळतं.

डिझेल, आणि त्यातही मोकळी किंवा लांबट भोकांची पुली, तर ज्याच्याकडे त्या इंजिनाचं किट आहे त्याच्याकडेच, मग तो कंपनीचा वर्कशॉप असो वा बाहेरचा स्पेशालिस्ट. नुसतं 'टूल आहे का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा की कॅम पुलीचा बोल्ट कधी सैल करता. टीडीआयवाला जर म्हणाला 'तो खोलायची गरजच नाही', तर नमस्कार करून निघा. कंपनीच्या वर्कशॉपमध्येही हा प्रश्न विचारायला हरकत नाही, बोर्ड मोठा असला तरी आत काम करणारा मुलगा आज कोण आहे त्यावर बरंच असतं.

सामान तुम्ही आणणार असाल (पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं) तर बेल्ट-टेन्शनर-आयडलरचा एकाच डब्यातला किट घ्या, सुटं जमवू नका, आणि क्रँक पुलीचा बोल्ट नवा घ्या जिथे मॅन्युअल तसं सांगतं, कारण तो ठरावीक अंश फिरवून आवळायचा, आवळताना ताणला जाणारा बोल्ट असतो. नव्या बेल्टला उलटा दुमडून, कडक घडी घालून खिशात कोंबणाऱ्याकडून बेल्ट परत घ्या, आतले धागे तिथेच तुटतात. कॅम आणि क्रँकचं ऑइल सील ओलं दिसत असेल तर आत्ताच बदला, बेल्टवर तेल आलं की नवा बेल्टही फुगून दात सोडतो.

स्वतः घरी करायचा विचार असेल तर ८०० वर करा, मजा येते, जागाही भरपूर आहे. डस्टरवर पहिलाच प्रयोग नको, तिथे उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढून खालून इंजिन टेकवून धरावं लागतं आणि अर्धं काम बोटांच्या टोकांनी न बघता करायचं असतं. तरी करायचंच असेल तर किट, टॉर्क रेंच आणि एक जाणता माणूस शेजारी, आणि शेवटचा क्रँक फिरवायचं काम त्याच्या हातात द्या.